‘सत्तरीनंतर हृदयाची झडप बदलू नका’: हा निरोप पुढे पाठवण्याआधी

व्हॉट्सअॅपवर फिरणारा निरोप थोडक्यात असा: ‘सत्तरीनंतर झडप बदलू नका. जांघेतून झडप घातली की लकवा होतो. डॉक्टर चुकला की पेसमेकर बसतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या जन्मभर मागे लागतात. त्यापेक्षा औषधाने झडप उघडते.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण जीव त्यानेच जातो. म्हातारपणी महाधमनीच्या (हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या) झडपेवर कॅल्शियम साठून ती कडक होते. ते विरघळवणारं औषध अजून निघालेलं नाही. गोळ्यांनी सूज उतरते, धाप थोडी कमी होते, पण झडपेचं तोंड तेवढंच अरुंद राहतं. २०१०च्या ‘पार्टनर’ चाचणीत ओपन हार्ट न झेपणारे, सरासरी ८३ वर्षांचे रुग्ण होते. नवी झडप न बसवलेल्यांपैकी ५०.७ टक्के वर्षभरात दगावले, जांघेतून, म्हणजे छाती न उघडता तिथल्या रक्तवाहिनीतून नळीने, बसवलेल्यांपैकी ३०.७ टक्के.

लकव्याची भीती मात्र खरी आहे. झडप बसवताना कॅल्शियमचे कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतात. त्याच चाचणीत महिनाभरात ५ टक्के रुग्णांना लकव्याचा मोठा झटका आला, दुसऱ्या गटात जेमतेम १ टक्क्याला. पुढे नळ्या बारीक झाल्या, हात सरावले. २०१९च्या ‘पार्टनर ३’मध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होतं, ओपन हार्टनंतर २.४. अर्थात ते रुग्ण तुलनेने ठणठणीत, सरासरी ७३ वर्षांचे होते.

पेसमेकर म्हणजे डॉक्टरची चूक, हे वाचून मला फार वाईट वाटतं. हृदयाच्या ठोक्यांचा विद्युतसंदेश नेणारा तंतू या झडपेला अगदी खेटून जातो. नवी झडप त्यावर दाब देते, संदेश अडतो आणि ठोके चालू ठेवायला पेसमेकर लागतो. आपोआप उलगडणाऱ्या झडपांमध्ये हे जास्त घडतं: २०१९च्या एका चाचणीत १७.४ टक्के, ओपन हार्टनंतर ६.१. ईसीजीत आधीच ‘राइट बंडल ब्लॉक’ (उजवीकडच्या विद्युतसंदेशात अडथळा) असेल तर धोका वाढतो, म्हणून ते शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा. घरी आल्यावर चक्कर आली, शुद्ध हरपली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नका.

गोळ्यांचं म्हणाल तर रक्त पातळ करणारी वॉर्फरिन जन्मभर लागते ती धातूच्या झडपेला. जांघेतून घालतात ती गाईच्या किंवा डुकराच्या ऊतीची असते. दुसरं कारण नसेल तर बहुतेकांना एकटी अॅस्पिरिन पुरते. तिला क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दुसरी गोळी जोडल्यावर रक्तस्राव वाढतो, हे २०२०मध्ये दिसून आलं.

निरोपात नसलेला एक धोका: झडपेचा जंतुसंसर्ग. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेबद्दल सांगा. कारण नसताना ताप रेंगाळला, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का, ही तपासणी) करून घ्या.