‘परत करा, कुणाचं काही जात नाही’ हे खरं नाही

गेले काही दिवस गल्लीच्या, शाळेच्या, पाहुण्यारावळ्यांच्या सगळ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : “ऑनलाइन चप्पल-कपडे घेताना तीन साइज मागवा, एक ठेवा, दोन परत करा. परत गेलेला माल पुन्हा विकला जातो. गाडी तशीही दारात येतेच. तोटा झालाच तर कंपनीचा. आणि माल परत करणं हा तुमचा कायदेशीर हक्क आहे.”

कोल्हापुरात चप्पल लाइनीत माझ्या मामांचं दुकान आहे. ऑनलाइन ऑर्डरी मी बघते आणि परत आलेली पार्सलंही मीच फोडते. म्हणून हे उत्तर.

‘पुन्हा विकला जातो.’ स्टीलचा डबा विकला जात असेल. कोल्हापुरीचं तसं नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं पायाचा ठसा चटकन धरतं. मागच्या आठवड्यात एक जोड परत आला. अंगठ्याखाली काळपट खूण, टाचेला ओल्या फरशीचा डाग, एक कान, म्हणजे पट्टा जोडलेली बाजूची चामड्याची पाळी, ओढून ओढून सैल केलेला. मामांनी तो दोनदा उलटापालटा करून पाहिला आणि काही न बोलता कोपऱ्यातल्या पोत्यात टाकला. हाताने शिवलेला माल होता तो. आता नवा म्हणून तो विकता येत नाही. निम्म्या भावात कुणी नेला तर नेला.

मोठ्या बाजारात याहून वाईट घडतं. न खपलेला आणि परत आलेला चांगला माल नष्ट केला जातो. म्हणून तर फ्रान्सने २०२२ पासून न खपलेला माल नष्ट करण्यावर बंदी आणली. युरोपीय संघानेही मोठ्या कंपन्यांना कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला बंदी घालून त्यासाठी जुलै २०२६ ही मुदत ठरवली, आणि त्यात ग्राहकाने परत केलेला मालही धरला. सगळं पुन्हा विकलं जात असतं, तर हे कायदे कशाला लागले असते?

‘गाडी तशीही येतेच.’ हे अर्धं खरं आहे. तुमच्या एका खोक्यासाठी वेगळी गाडी निघत नाही. पण प्रत्येक गल्लीतून दोन-दोन खोकी निघाली की गाडी वाढवावीच लागते. कोल्हापूरहून नुसतं पुणं गाठायचं तर सव्वादोनशे किलोमीटर, आणि गोदाम भिवंडीला असेल तर आणखी पुढे. शिवाय परत आलेल्या प्रत्येक जोडाला नवी पिशवी, नवं खोकं, नवी चिकटपट्टी.

‘तोटा कंपनीचा.’ आमच्या अनुभवात तो आमचा असतो. आम्ही ज्या संकेतस्थळावर विकतो, तिथे परतीचं भाडं आमच्याच पैशातून कापलं जातं.

‘कायदेशीर हक्क.’ हक्क आहे, आणि तो सोडू नका. माल सदोष असेल, दाखवला तसा नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर आला असेल, तर २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. आपल्या बाजारातल्या दुकानदारांनीही हे ऐकावं. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. अशा पाट्यांना कंटाळूनच लोक ऑनलाइनकडे वळले, हे मला मान्य आहे. पण मन बदललं म्हणून माल परत करणं ही विक्रेत्याने दिलेली सवलत आहे. कायद्यात ती नाही.

आमच्याकडे परतीचं सगळ्यात जास्त येणारं कारण म्हणजे ‘घट्ट बसते’. अहो, नवी कोल्हापुरी घट्टच बसायला हवी! चार-आठ दिवसांत चामडं पायासारखं होतं. पहिल्याच दिवशी सैल असलेली महिन्याभरात पायातून निसटते. हे आम्ही फोटोखाली लिहीत नव्हतो, ही आमची चूक. आता लिहितो. आणि बुटाचा नंबर नको, पायाचं माप पाठवा, असंही सांगतो. संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर उभं राहून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवायची आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा.

सोलापूरच्या एका ताईंनी असा फोटो पाठवला. उजवा पाय डाव्यापेक्षा जरासा रुंद होता. मामांनी कारागिराला सांगून उजव्या चपलेचा पट्टा तेवढा सैल ठेवून घेतला. ते पार्सल परत आलं नाही.