घामोळंच आहे हो!

गॅदरिंग जवळ आलं की पोरांना नेमका ताप येतो. घाबरू नका. सकाळी डब्याबरोबरच पॅरासिटामॉलचं सिरप पाजा, मधल्या सुट्टीपर्यंत पुरतं. पुढचं बाई बघतील.

बाईंचा फोन आला तर उचलू नका. तुम्ही मीटिंगमध्ये आहात.

अंगावर पुरळ दिसलं तर पावडर थापा, वर पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाला. आमच्या मुलीच्या वर्गात यंदा एक मावळा असाच सजून आला होता. डोळे लालभडक, नाक वाहतंय, खोकला थांबेना, कानामागचं पुरळ गालांवर उतरलेलं. आई म्हणे, "घामोळंच आहे हो!" डिसेंबरात! पण डान्समधली पुढच्या रांगेतली जागा अशी कोण सोडतं? शिवाय पोरगं उदार. गोवराचा विषाणू खोलीतल्या हवेत 2 तासांपर्यंत टिकतो, त्यामुळे मावळा स्टेजवर गेल्यावर मेकअपच्या खोलीत शिरलेल्यांनाही त्यांचा वाटा मिळाला. पुरळ येण्याच्या 4 दिवस आधीपासून गोवर पसरतो, म्हणजे रंगीत तालीमही वाया गेली नाही.

घरातल्या मोठ्यांनी "देवी आल्यात" म्हटलं तर कडुलिंबाचा पाला ठेवा आणि पोराला शाळेत धाडा. देवीलाही गॅदरिंग बघायचं असेल.

शाळांनी नोटीस लावू नये. "व्हायरल आहे" एवढंच सांगावं. आरोग्य खात्याला कळवलं तर ते लोक येणार, रक्ताचे नमुने नेणार, लस न घेतलेल्या मुलांची यादी मागणार. प्रमुख पाहुण्यांसमोर शोभतं का?

लसीच्या संमतीपत्रावर डोळे मिटून "नाही" लिहा. गोवराच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा, वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरचा 12 मुलांवरचा 1998 चा लेख छापणाऱ्या मासिकानंच 2010 मध्ये मागे घेतला. आपल्या फॅमिली ग्रुपवर मात्र तो आज सकाळीच आलाय, "फॉरवर्ड करा" म्हणून.

माझ्या बहिणीचं बाळ 7 महिन्यांचं आहे. लसीचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. माझ्या मुलीचे दोन्ही डोस झालेत, तिला काही झालं नाही. बाळ तिचा नाच बघायला आलं होतं, मेकअपच्या खोलीत सगळ्यांच्या कडेवर फिरलं. दहाएक दिवसांनी ताप, मग पुरळ, मग न्यूमोनिया. ऑक्सिजन लावावा लागला.

मावळ्याच्या आई, तुम्हाला माहीत होतं. पावडर लावलीत म्हणजे माहीत होतं! 2022 मध्ये गोवंडीत लहान लहान पोरं गोवरानं गेली, ते काय घामोळं होतं? डोस राहिला असेल तर 5 वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. तेवढी रांग लावता येत नाही? पुरळ उठल्यावर किमान 4 दिवस पोराला घरात ठेवा. आणि सर, तुम्ही ती नोटीस अजून लावलेली नाही. वर्गात आणखी दोघांना ताप आहे. आज लावा.