झाडूबरोबर नमुन्याची बाटलीही हवी

नदी स्वच्छता मोहिमांविषयी थोडे टीकेच्या सुरात लिहायचे म्हटले की हात आखडतो. रविवारची सकाळ मोडून, गमबूट चढवून, गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या माणसांच्या कामात उणे काढणे बरे दिसत नाही. काठावर उभे राहून ‘प्रशासन काय करते?’ असे विचारणाऱ्यांपेक्षा ही मंडळी शंभर पटींनी बरी, यातही वाद नाही. तरीही गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहून आणि अशा मोहिमांत स्वतः सामील होऊन माझे एक मत पक्के झाले आहे. आपण घाट स्वच्छ करतो आणि नदी स्वच्छ केली असे सांगतो. पाण्याची प्रत सुधारायची असेल, तर पाणी मोजावे लागेल, आणि ते सातत्याने मोजण्याचे काम गावातल्या कार्यकर्त्यांनीच अंगावर घेतले पाहिजे.

आधी आपल्या नद्यांचा स्वभाव लक्षात घ्यावा. मराठवाड्यात पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आत, तोही चार महिन्यांत आणि लहरीने. दिवाळी सरली की बहुतेक नद्यांचा प्रवाह आटतो. बीडची बिंदुसरा, जालन्याची कुंडलिका, छत्रपती संभाजीनगरची खाम या नद्यांच्या शहरातल्या पात्रात उन्हाळ्यात जे पाणी वाहताना दिसते, ते बहुतांशी आपल्याच मोऱ्यांचे आणि गटारांचे असते. गोदावरीची गोष्ट निराळी आहे. पैठणच्या नाथसागर जलाशयाखाली आपेगाव, हिरडपुरी, लोणी सावंगी, ढालेगाव, मुदगल, दिग्रस अशी बंधाऱ्यांची रांग थेट धर्माबादजवळच्या बाभळीपर्यंत गेली आहे. या बंधाऱ्यांनी गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या पट्ट्यातल्या, शेतीला आणि पिण्याच्या पाण्याला आधार दिला, हे मान्यच आहे. मात्र एकेकाळची वाहती नदी आता वर्षातले कितीतरी महिने अडवलेल्या डोहांची माळ होऊन बसलेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार बाभळीची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी राहतात, उरलेल्या काळात तिथे पाणी साठते. वाहत्या पाण्यात मिसळलेली घाण पुढे जाते, काही प्रमाणात निवळतेही. थांबलेल्या पाण्यात ती गावासमोरच मुक्काम ठोकते.

आता थोडा हिशेब करू, कारण या विषयात भावना पुष्कळ आणि आकडेमोड कमी असते. पन्नास हजार वस्तीचे गाव घ्या. माणशी रोज शंभर लिटर पाणी मिळते असे धरा (आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावातल्या वाचकांनी इथे खुशाल हसावे). वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरतात. म्हणजे रोजचे ४० लाख लिटर. घरगुती सांडपाण्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला जितका प्राणवायू खातात ते माप, लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम असते, आणि स्नानायोग्य पाण्यासाठीची मर्यादा आहे ३ मिलिग्रॅम. प्रक्रिया न करता हे सांडपाणी केवळ पातळ करून त्या मर्यादेत आणायचे, तर रोज सुमारे २६ कोटी लिटर निर्मळ पाणी नदीत वाहते हवे. मार्च महिन्यात ते कुठून आणणार? घाटावरून ट्रॉलीभर प्लास्टिक उचलले तरी या हिशेबातला एक आकडाही हलत नाही. प्लास्टिक उचलू नये, असा याचा अर्थ नव्हे. ते तुंबते, गुरांच्या पोटात जाते, पुरात बंधाऱ्याच्या दारांना अडकते, उचललेच पाहिजे. फक्त ते उचलल्याने पाणी सुधारले असे म्हणू नये.

जलपर्णीचेही असेच होते. पोकलेन लावून ती काढली जाते, बातमी येते, आणि काही आठवड्यांत हिरवा गालिचा पुन्हा पसरतो. सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. तो पुरवठा चालू असताना नुसती वनस्पती काढणे म्हणजे पीक कापून रान पुन्हा खतावून ठेवणे आहे. त्यातही काढलेला ढीग काठावरच कुजू दिला, तर पहिल्याच पावसात तो रस पुन्हा पात्रात उतरतो. हे ढीग तिथून हलवून त्यांचे खत करण्याची तजवीज आधी असल्याशिवाय यंत्र लावूच नये, असे मला वाटते.

दोष कोणाला द्यायचा, याचीही गंमत आहे. मोहिमेच्या भाषणांत हमखास दोन गुन्हेगार सापडतात: निर्माल्य टाकणारे भाविक आणि घाटावर धुणे धुणाऱ्या बायका. गंगाखेड, पैठण, नांदेड अशा ठिकाणी पर्वणीला लाखभर माणूस उतरते तेव्हा निर्माल्याचा आणि कपड्यांचा प्रश्न खराच असतो. पण तो त्या दिवसांचा असतो. गावाचा मोठा नाला मात्र बारा महिने, दिवसरात्र नदीत येऊन पडतो, आणि त्याच्या तोंडाशी कोणी पाटी लावत नाही. धुणे धुणाऱ्या बाईला हटकणे सोपे, नाल्याला हटकायला कागद लागतो.

तो कागद तयार करणे हे माझ्या मते स्वयंसेवकांचे खरे काम. आमच्या गटात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक जण आले, आणि त्यांनी विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत आम्हांला शिकवली. तीनशे मिलिलिटरची, घासलेल्या बुचाची काचेची बाटली पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर हवेतला प्राणवायूच मोजला जातो. मग मॅंगनस सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराफटक राहतो. गावाच्या वरच्या अंगाला घेतलेली तपकिरी बाटली आणि नाला मिळतो त्या जागेची पांढरी बाटली शेजारी शेजारी ठेवली, की कोणाला व्याख्यान द्यावे लागत नाही. पुढे आम्ल घालून, स्टार्चच्या निळ्या रंगावर टायट्रेशन करून, म्हणजे तो रंग जाईपर्यंत थेंबाथेंबाने मोजून रसायन घालून, नेमका आकडा काढता येतो. स्नानासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू हवा; तीस अंश तापमानाला स्वच्छ पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास मावतो.

या मोजणीतली एक मेख मात्र आम्हांला एका वयस्क भोईमामांनी सांगितली. आम्ही सोयीने सकाळी अकरानंतर जात असू. ते म्हणाले, “दुपारचं काय बघता सर, पहाटं या. पहाटं मासा वर येऊन तोंड मारतंय.” पुस्तकातही तेच आहे. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्यात दिवसा उन्हामुळे प्राणवायू तयार होत राहतो, दुपारी तो भरपूर दिसतो. रात्री तेच शेवाळ आणि जिवाणू तो खाऊन टाकतात आणि सूर्योदयाच्या आधी तो सर्वांत कमी असतो. म्हणून दुपारच्या एका नमुन्यावरून पाणी उत्तम आहे असे कोणी सांगितले, तर नमुना किती वाजता घेतला हे विचारावे. जागा तीच, वेळ तीच, महिनेमहिने नोंद; याला पर्याय नाही. मजा अशी की पहाटे उठून बाटली भरायला येणाऱ्यांची संख्या झाडू मोहिमेपेक्षा फारच कमी असते, कारण त्या अंधारात फोटो चांगला येत नाही.

अर्थात घरच्या घरी सर्व काही मोजता येत नाही. जैविक प्राणवायू मागणीसाठी नमुना २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवावा लागतो, मैल्यातले जिवाणू मोजायला निर्जंतुक साहित्य लागते. ते काम प्रयोगशाळेचेच. गावपातळीवर प्राणवायू, सामू (पीएच), तापमान, वास, रंग आणि नाल्याचा अंदाजे प्रवाह एवढे नीट लिहिले तरी पुष्कळ झाले. स्वयंसेवकांच्या आकड्यांना कायदेशीर पुराव्याचे वजन नसते, हेही खरे आहे. त्यांचा उपयोग वेगळा: कुठे आणि केव्हा अधिकृत नमुना घ्यायला हवा, हे त्यावरून नेमके दाखवता येते.

दुसरे काम पायी फिरण्याचे. नाल्याच्या तोंडापासून उलट दिशेने वर चालत जावे. आम्ही असे गेलो, तेव्हा ज्या नाल्याला सारे गाव एकच समजत होते त्याला वेगवेगळ्या वस्त्यांच्या मोऱ्या, खाटीकखान्याचे पाणी आणि मैला उपसणाऱ्या टँकरच्या चाकोऱ्या मिळालेल्या दिसल्या. टँकर रात्री येतो हे शेजारच्या किराणा दुकानदाराला ठाऊक होते, कोणी विचारले नव्हते एवढेच. ही नोंद नकाशासह संबंधित कार्यालयात दिली. पहिल्या अर्जाचे काय झाले ते कळले नाही. मग महिन्याच्या महिन्याला आकडे जोडून आवक शाखेची पोच घेत गेलो, तेव्हा कधीतरी स्थळपाहणी झाली आणि टँकर निदान त्या जागी यायचे थांबले. नाला अजून वाहतोच आहे. तेव्हा यशोगाथा म्हणून हे कोणी वाचू नये.

‘हे काम आपले का?’ असा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. नगरपरिषद अधिनियम, १९६५ नुसार गटारे आणि सांडपाण्याची व्यवस्था हे पालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ चा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली होती, ती केव्हाच उलटली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ एकट्या महाराष्ट्रातले होते, सर्वांत जास्त. म्हणूनच फुकटचे सफाई कामगार होण्यापेक्षा सजग साक्षीदार व्हावे, असे मी म्हणतो. पालिकेने करायचे काम आपण झाडूने झाकत राहिलो, तर पालिकेला ते सोयीचेच आहे.

चांगली उदाहरणे आपल्याच भागात आहेत. खाम नदीवर महापालिका, छावणी परिषद, वेरॉक ही कंपनी आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी नागरिकांना घेऊन जे काम उभे केले, ते शहरांसाठीच्या रॉस या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते काठच्या वस्त्यांचा कचरा नदीत पडण्याआधीच उचलण्याची रोजची व्यवस्था. सुशोभित काठ नंतरचा. खामचे पाणी अखेर नाथसागराकडे जाते आणि शहर पिते तेही नाथसागराचेच, हे शहरवासीयांनी विसरू नये. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारेच बंद केली, डास हटवले, आणि तो नांदेड पॅटर्न म्हणून गाजला. डासांसाठी केलेल्या या कामाचा नदीलाही फायदा होतो, कारण न्हाणीघराचे पाणी जागीच जिरले की ओढ्यात यायला उरत नाही. चिकणमातीच्या काळ्या रानात खड्डा खोल मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि शौचालयाचे पाणी त्यात सोडू नये. एवढे पथ्य पाळले तर लहान गावांसाठी कोट्यवधींच्या प्रकल्पाची वाट पाहण्यापेक्षा ही वाट जवळची आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागल्यावर लातूरकरांनी लोकवर्गणीतून मांजरेचा गाळ काढला, तेव्हा पैसा आणि माणसे उभी राहतात हेही आपण पाहिले. मात्र ती सारी हाक पाणी किती, याची होती. पाणी कसे, या प्रश्नावर तशी हाक अजून कोणी दिलेली नाही. ‘चला जाणूया नदीला’ हे राज्य शासनाचे अभियान २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून ७५ नद्यांसाठी सुरू झाले. त्या यात्रांतून नदीशी संवाद झाला असेल, तर आता त्याच नद्यांवर ठरलेल्या जागी नोंदवह्या ठेवायला हरकत नसावी.

आमच्या गटाने या हंगामापुरते तीनच ठिकाणी नमुने घ्यायचे ठरवले आहे: गावाच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि बंधाऱ्याच्या भिंतीजवळ. ज्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिथल्या प्राध्यापकांनी दोन-चार बाटल्या आणि अभिकर्मक, म्हणजे तपासणीची रसायने, देऊ केले तर गंगथडीच्या आणखी गावांना हे जमेल. खर्च मोठा नाही, विद्यार्थ्यांना प्रकल्प मिळतो. अभिकर्मक तीव्र असतात, तेव्हा ते हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवा, वापरलेले द्रावण नदीत न ओतता प्रयोगशाळेत परत न्यावे, आणि नाल्यात उतरणाऱ्यांच्या पायाला जखम असेल तर त्यांनी त्या दिवशी काठावर बसून वही लिहावी. वहीचा साधा तक्ता तयार आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये आपल्या नदीचे आणि गावाचे नाव लिहावे, मी पाठवतो.