‘डाउन जॅकेटच्या आत काही घालू नका’ हा संदेश पुढे पाठवू नका

थंडी पडायला लागली की हा संदेश नव्यानं फिरू लागतो. ‘हूडवाल्या हलक्या डाउन जॅकेटची सात गुपितं’ असा मथळा, खाली सात मुद्दे आणि शेवटी ‘सगळ्यांना पाठवा’. या वेळी तो माझ्या भाचीनं मला पाठवला. ती लवकरच बर्फात मुक्कामाला निघाली आहे आणि संदेशाखाली तिचा प्रश्न होता, "मावशी, मग थर्मल आणि फ्लीस घरीच ठेवू का?" (फ्लीस म्हणजे लोकरीसारख्या मऊ कृत्रिम कापडाचा स्वेटर.) तिला उत्तर दिलंच आहे. पण तो वाचून आणखी किती जण थर्मल घरी ठेवून निघाले असतील, या विचारानं राग येतो. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं: जॅकेट उघड्या अंगावर घाला, शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, तेव्हा हूड ओढलं की काम झालं, एकदा घातलेलं जॅकेट चढतानाही काढू नका, ओलं झालं तर हीटरवर किंवा शेकोटीजवळ धरा, फिल पॉवरचा (डाउनच्या फुगवट्याचा) आकडा मोठा तेवढं जॅकेट गरम, घरी कधीही धुऊ नका, आणि वर्षभर पिशवीत दाबून ठेवा, पीस बाहेर आलं तर उपटून टाका.

या सगळ्यामागे एकच गैरसमज आहे. डाउन ऊब तयार करतं, असं लिहिणाऱ्यानं धरून चाललं आहे. डाउन काहीही तयार करत नाही. बदकाच्या किंवा हंसाच्या मोठ्या पिसांखाली जी मऊ लव असते, ती म्हणजे डाउन. तिला पिसासारखी कडक दांडी नसते. मधल्या एका बिंदूपासून सगळ्या दिशांना बारीक तंतू फुटलेले असतात आणि त्या तंतूंच्या जाळ्यात हवा अडकून स्थिर राहते. थंडी अडवते ती ही स्थिर, कोरडी हवा. उष्णता फक्त तुमच्या शरीरातून येते. डाउन दबलं की हवा गेली, आणि डाउन भिजलं तर हवेच्या जागी पाणी आलं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं.

आता पहिला मुद्दा, जो सगळ्यात बेजबाबदार आहे. संदेश म्हणतो, ‘अंगाची ऊब थेट डाउनला मिळाली पाहिजे, मध्ये कपडे आले तर ती अडते.’ ऊब अडावी म्हणूनच तर कपडे घालायचे! आतल्या कपड्यात अडलेली उष्णता कुठे वाया जात नाही, ती त्वचेजवळच राहते. थर एकावर एक चढले की त्यांचा अटकाव एकमेकांत मिळवला जातो. थर्मलचा अधिक फ्लीसचा अधिक डाउनचा, अशी ती बेरीज आहे. यातली पहिली दोन पदं काढून टाकल्यावर तिसरं आपोआप मोठं होत नाही.

उघड्या अंगावर घातल्यावर काय होतं, तेही पाहा. हलक्या जॅकेटचं अस्तर पातळ नायलॉनचं असतं आणि नायलॉन घाम टिपत नाही. त्वचेवरचा घाम आधी अंगाला चिकटतो, मग वाफ होऊन अस्तरातून आत शिरतो. बाहेरचं कापड गार असतं, त्यामुळे ती वाफ डाउनमध्येच पुन्हा पाणी होते. कडक थंडीत तिचा बर्फही होतो. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात जॅकेट दिसायला कोरडं आणि प्रत्यक्षात चपटं होत जातं. शिवाय अंगाचं तेल आणि मीठ अस्तराला लागून लव एकमेकींना चिकटते ती वेगळीच.

योग्य क्रम साधा आहे. अंगालगत पातळ लोकर किंवा पॉलिएस्टरचा घट्ट बसणारा थर, सुती नको, कारण सुती कापड घाम धरून ठेवतं. त्यावर पातळ फ्लीस किंवा लोकरी स्वेटर. त्यावर डाउन. वारा किंवा हिमवर्षाव असेल तर सगळ्यात वर सैल शेल, म्हणजे वारा-पाणी अडवणारं पातळ जॅकेट.

या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. आत इतके जाड कपडे कोंबले की जॅकेट ताणलं गेलं, तर डाउन दबतं आणि ऊब खरोखरच कमी होते. पण त्यावर उपाय मोठ्या मापाचं जॅकेट हा आहे. घेताना आतले सगळे थर घालूनच जॅकेट चढवून बघा. चेन लावा, दोन्ही हात छातीवर कवटाळा. पाठीवरचे कप्पे चपटे झाले किंवा मनगटं उघडी पडली, तर एक माप वरचं घ्या. दुसरी खरी गोष्ट अशी की घामानं ओले झालेले आतले कपडे अंगावर ठेवू नयेत. ते काढायचे आणि कोरडे घालायचे. ‘ओले काढा’ याचं ‘सगळे काढा’ कुणी केलं, देव जाणे.

दुसरा मुद्दा पहिल्याला टेकू देतो, म्हणून तोही नीट बघू. डोक्यातून ४०-४५ टक्के उष्णता जाते, हे वाक्य अमेरिकी लष्कराच्या १९७० सालच्या एका मार्गदर्शिकेत होतं आणि तिथून ते जगभर पसरलं. २००८ साली रेचल व्रीमन आणि अ‍ॅरन कॅरोल या दोन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रचलित वैद्यकीय गैरसमजांवर लेख लिहिला, त्यात याचाही समाचार घेतला आहे. त्यांच्या मते या समजुतीचं मूळ बहुधा लष्कराच्या जुन्या प्रयोगांत आहे. त्यात माणसांना ध्रुवीय थंडीचे पोशाख घातले होते, फक्त डोकं उघडं होतं. बाकी सगळं अंग झाकलेलं असताना उष्णता डोक्यातून जाणार नाही तर कुठून? तीच माणसं नुसत्या पोहण्याच्या चड्डीवर उभी केली असती, तर डोक्याचा वाटा दहा टक्क्यांवर गेला नसता, असं तज्ज्ञांचं मत त्यांनी दिलं आहे. प्रौढ माणसाच्या त्वचेच्या एकूण क्षेत्रफळात डोक्याचा वाटाही जवळपास तेवढाच असतो.

हाच लेख पहिल्या मुद्द्यालाही उत्तर आहे. जो भाग उघडा किंवा पातळ झाकलेला, तिथून उष्णता जाते. हूड घालून छाती-पोट एका पातळ थरावर सोडलंत, तर ती तिथून जाईल.

याचा अर्थ हूड निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, तशा टाळूच्या फारशा आकसत नाहीत, त्यामुळे उघडं डोकं उष्णता घालवतच राहतं. आणि हूडचा खरा मोठा फायदा मानेपाशी आहे. हालचाल केली की जॅकेटमधली गरम हवा कॉलरच्या फटीतून वर निसटते आणि खालून गार हवा आत ओढली जाते. हूड वर घेऊन त्याची दोरी आवळली आणि खालच्या घेराचीही आवळली की हा भाता बंद होतो. मात्र तोंड-नाक हूडच्या आत घेऊन श्वास सोडू नका. श्वासातली वाफ कॉलरच्या डाउनमध्ये जाऊन बसते आणि सकाळी हनुवटीपाशी गारठलेला गोळा मिळतो. हूड घेतल्यावर मान वळवून बाजूचं दिसतंय ना, हेही बघा. डोक्याबरोबर हूड वळत नसेल, तर मागची दोरी असल्यास ती ओढून घ्या.

‘चढतानाही काढू नका’ हा सल्ला देणारा माणूस पाठीवर वजन घेऊन कधी चढला असेल असं वाटत नाही. चढताना शरीर इतकी उष्णता तयार करतं की कडक गारठ्यातही थर्मल आणि पातळ फ्लीस बहुतेकांना पुरतं. डाउन घालून चढलात तर अर्ध्या तासात आतून ओले व्हाल, आणि खरी गरज थांबल्यावर लागते तेव्हा जॅकेट दमट असेल. सॅकचे पट्टे खांद्यावरचं आणि पाठीवरचं डाउन दाबून टाकतात, पातळ कापड घासतात, तो तोटा निराळा. हलकं डाउन हे थांबण्याचं जॅकेट आहे. ते सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि थांबल्या थांबल्या, गार वाटायच्या आधी, अंगावर शेल असेल तर ते काढत न बसता त्याच्या वरूनच चढवा. निघताना दोन मिनिटं आधी काढा. सुरुवातीला किंचित गारठा वाटला पाहिजे. अपवाद एकच: थंडी इतकी आणि चाल इतकी संथ की घामच येत नाही. तेव्हा घालून चाला, पण चेन अर्धी उघडी ठेवा.

शेकोटीचा मुद्दा तर धोकादायकच. हलक्या जॅकेटचं कापड बऱ्याचदा १० किंवा २० डेनियरचं असतं. १० डेनियर म्हणजे ज्या धाग्याची ९,००० मीटर लांबी फक्त १० ग्रॅम भरते तो धागा. नायलॉन प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडून आकसतं. शेकोटीतली उडालेली ठिणगी याहून कितीतरी जास्त गरम असते. ती पडली की डोळ्याची पापणी लवायच्या आत भोक, आणि वितळलेलं नायलॉन हाताला लागलं तर त्वचेला चिकटून भाजतं. हीटरच्या तापलेल्या जाळीचंही तसंच. तंबूत स्टोव्ह पेटवतानाही बाहीकडे लक्ष ठेवा.

मग ओलं झालेलं जॅकेट कसं वाळवायचं? नुसतं दमट असेल तर कोरड्या कपड्यांवर घालून फिरा, शरीराची ऊब ते वाळवते. उन्हाचा तुकडा मिळाला तर आतली बाजू वर करून थोडा वेळ पसरा आणि गोळे बोटांनी सोडवत राहा. पूर्ण भिजलं असेल, तर मुक्कामात ते नीट वाळणार नाही हे मान्य करून दुसऱ्या थरांची सोय बघा. ‘पाणी न शोषणारं डाउन’ अशी चिठ्ठी असली तरी ते फक्त उशिरा भिजतं आणि लवकर वाळतं. बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप बारीक हिम आणि चार थेंब सांभाळतो, पाऊस नाही. शिवणीची भोकं तर उघडीच असतात. वाराही त्याच शिवणीतून शिरतो, कारण हलक्या जॅकेटमध्ये बाहेरचं कापड आणि अस्तर थेट एकमेकांना शिवलेलं असतं आणि त्या रेषेवर डाउन जवळजवळ नसतंच. बाहेरचं कापड वारा अडवणारं हवं हे जुनं शहाणपण आहे. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच यांनी स्वतः बेतलेला डाउनचा कोट बलूनच्या कापडाचा होता.

फिल पॉवरचं गणित दोन ओळींत होतं. एक आउन्स, म्हणजे २८.३५ ग्रॅम डाउन मोजणीच्या नळकांड्यात किती घन इंच जागा व्यापतं, तो हा आकडा. डाउनचा दर्जा त्यातून कळतो, जॅकेटमध्ये डाउन किती आहे ते कळत नाही. ८५० फिलचं ६० ग्रॅम भरलेलं जॅकेट सुमारे १,८०० घन इंच फुगू शकतं. ६५० फिलचं १२० ग्रॅम भरलेलं सुमारे २,७५०. दुसरं जड आहे, जागा जास्त खातं, पण जास्त गरम तेच. म्हणून चिठ्ठीवर भराव किती ग्रॅमचा आहे ते शोधा, आणि लिहिलेलं नसेल तर विचारा. ‘उणे २० पर्यंत’ अशा छापील आकड्यावर विसंबू नका. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ २३५३७ ही तापमानाची प्रमाणित चाचणी आहे, जॅकेटवरचा आकडा त्या चाचणीतून आलेला नसतो.

धुण्याबद्दल संदेश नेमकं उलटं सांगतो. ड्रायक्लीनिंगची रसायनं लवेचं नैसर्गिक तेल काढून टाकतात आणि ती ठिसूळ होते. न धुतलेलं जॅकेट घामामुळे आणि तेलामुळे फुगेनासं होतं. भीती धुण्याची नाही, अर्धवट वाळवण्याची बाळगा. खिसे रिकामे करा, चेन लावा. समोरून उघडणारं मशीन, नाजूक कपड्यांचं चक्र, ३० अंश पाणी, डाउनसाठीचा खास द्रव साबण. साधी पावडर किंवा सॉफ्टनर नको. साबण पूर्ण जाईपर्यंत एक-दोन वेळा जास्त खंगाळा. बाहेर काढताना खांद्याला धरून उचलू नका, पाण्यानं जड झालेल्या लवेच्या भारानं आतल्या शिवणी फाटतात. खालून दोन्ही हातांवर घ्या. मग ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल. दर अर्ध्या तासानं काढून गोळे बोटांनी फोडा. दोन-तीन तास लागतात. कापड आधी वाळतं आणि फसवतं, म्हणून उजेडासमोर धरून बघा. काळे गोळे दिसले तर आत ओल आहे, आणि तसंच ठेवलं तर कुबट वास कायमचा. ड्रायर नसेल तर सावलीत, वाऱ्यावर आडवं पसरा, उलटत राहा. याला दिवस लागतात, तेवढे द्या.

राहिली पिशवी. ती फक्त प्रवासासाठी. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेल्या डाउनचा फुगवटा पूर्ण परत येत नाही. घरी जॅकेट रुंद हँगरवर टांगा किंवा मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा. पिशवीत भरतानाही घड्या घालू नका, हातानं कसंही कोंबा, म्हणजे दर वेळी त्याच रेषेवर ताण येत नाही.

पीस डोकावलं तर उपटू नका. ओढलं की भोक मोठं होतं आणि मागची लवही बाहेर येते. दुसऱ्या बाजूनं कापडासकट चिमटीत पकडा, आत ओढून घ्या आणि भोकाची जागा बोटांनी चोळा, धागे पुन्हा जवळ येतात. कापड फाटलं असेल तर सुई-दोरा घेऊ नका, प्रत्येक टाका म्हणजे नवं भोक. जागा स्पिरिटनं पुसून कोरडी करा. नायलॉनची चिकट दुरुस्ती पट्टी फाटीपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठी कापा, कोपरे गोल करा म्हणजे ती टोकाकडून सुटत नाही, आणि खाली काहीतरी कडक ठेवून घट्ट दाबा.