स्पेलिंग बरोबर म्हणून मेल खरा?

काल रात्री साडेदहाला दादरहून काकांचा फोन. "अगं, विंडोज अपडेटचा मेल आलाय. स्पेलिंगची एक चूक नाही. दाबू ना?" सोसायटीच्या ग्रुपवर 'खोटा अपडेट मेल असा ओळखा' म्हणून जो फॉरवर्ड फिरतोय, तो काकांनी पाठच केला होता. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो तीनदा येऊन गेला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

खोट्या मेलमध्ये चुका असतात म्हणे. असतात कधीकधी, मान्य. पण चूक नाही म्हणून मेल खरा, हे कुठलं शास्त्र? चोराला शुद्ध इंग्रजी आता एआय लिहून देतं.

लिंक उघडल्यावर वर पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की निर्धास्त? कुलूप म्हणजे मधे कोणी ऐकत नाही, एवढंच. पलीकडे कोण बसलंय, ते कुलूप सांगत नाही.

फोटोची फाइल निरुपद्रवी? २०१९ साली ट्रस्टवेव्ह या सायबर सुरक्षा कंपनीने पकडलेल्या खोट्या विंडोज अपडेट मेलला नावाच्या शेवटी जेपीजी, म्हणजे फोटोची खूण, लावलेली फाइलच जोडलेली होती. आत रॅन्समवेअर, म्हणजे फायली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, उतरवणारा प्रोग्राम.

आणि शेवटचं रत्न: 'सगळी अपडेट्स बंदच ठेवा.' काकांनी ठेवलीही होती! अहो, १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने जगभरची कॉम्प्युटरं अडवली, तेव्हा विंडोजमधल्या ज्या भोकातून ते पसरलं, ते बुजवणारं अपडेट १४ मार्चलाच आलं होतं. ज्यांनी टाकलं नाही, ते अडकले. फॉरवर्डवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगता येईल. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा असाच घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या खऱ्या अपडेटमधूनच घुसला, आणि थेट आपल्या भाऊच्या धक्क्यापलीकडे, न्हावा-शेव्याच्या एका टर्मिनलचं काम ठप्प करून गेला. पण आत शिरल्यावर पसरायला चोरलेल्या पासवर्डांबरोबर त्यानेही मार्चच्या अपडेटने बुजणारं तेच भोक वापरलं. मग अपडेट बंद ठेवून काय साधलं?

मायक्रोसॉफ्ट मेलला जोडून अपडेट पाठवतच नाही. पण जोडलेलं काही नाही, नुसती लिंक आहे, म्हणूनही मेल खरा ठरत नाही. अपडेट घ्यायचं ते सेटिंग्जमधूनच.

काकांना पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक करायला लावलं. नाव 'विंडोज सपोर्ट', खाली पत्ता कुठल्याशा फर्निचरच्या दुकानाचा. मेल उडवला. मग सेटिंग्जमध्ये जाऊन विंडोज अपडेट चालू करायला लावलं. साडेअकराला आकडा २७ टक्क्यांवर.

"मी झोपू का आता?"

"झोपा. चार्जर तेवढा लावून ठेवा."