गाडीत चढू न शकलेल्यांचा रकाना कोठे आहे?

दरवर्षी आर्थिक वर्ष सरले की मुंबईच्या बसगाड्यांनी किती प्रवासी वाहिले आणि निरनिराळ्या धक्क्यांवरून सुटणाऱ्या लाँचमधून किती माणसे पलीकडे गेली, याचे आकडे कुठल्या तरी अर्थसंकल्पात, अहवालात किंवा बातमीत छापून येतात, आणि दरवर्षी ते वाचताना माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आकडा कमी झाला म्हणून मी चिडत नाही. त्या आकड्याचा जो अर्थ लावला जातो, त्याने मी चिडते. प्रवासी घटले, म्हणजे लोकांना बस नको आहे. लोकांना बस नको आहे, म्हणून फेऱ्या कमी करा, असे हे गणित आहे आणि ते मुळापासून खोटे आहे. तो तक्ता फक्त गाडीत चढलेल्या माणसाला ओळखतो. जो चाळीस मिनिटे थांब्यावर उभा राहिला, ज्याच्या समोरून खच्चून भरलेली गाडी न थांबता निघून गेली आणि ज्याने अखेर खिशातले जास्तीचे पैसे मोजून शेअर रिक्षा पकडली, त्याची नोंद त्या तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. तो माणूस कागदावर घराबाहेर पडलेलाच नसतो.

नोकरी करणाऱ्या बाईला कामावर पोहोचायला दहा मिनिटे उशीर झाला, तर कार्यालयाच्या दारातले यंत्र तिचे बोट ओळखून त्या दहा मिनिटांची नोंद तत्क्षणी करते, आणि अशा तीन नोंदी झाल्या की अनेक ठिकाणी अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते. ज्या गाडीमुळे तिला उशीर झाला ती गाडी आगारातून सुटलीच नव्हती, ही नोंद मात्र त्या बाईला दाखवता येईल अशी कोठेही नसते. तिच्या चुकीला पुरावा आहे आणि व्यवस्थेच्या चुकीला पुरावा नाही, हे मला सहन होत नाही.

आता आकड्यांकडेच पाहू. साधारण दीड दशकापूर्वी मुंबईची बससेवा चालवणाऱ्या बेस्ट उपक्रमाच्या ताफ्यात सुमारे साडेचार हजार गाड्या होत्या आणि रोजचे प्रवासी चाळीस लाखांच्या घरात होते. आज एकूण ताफा तीन हजारांच्याही खाली आला आहे आणि त्यात उपक्रमाच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. जून २०१९ मध्ये कामगार संघटनेबरोबर झालेल्या करारात स्वमालकीच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवण्याचे कबूल केले गेले होते. त्या कबुलीचे काय झाले ते रस्त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी घालून दिलेल्या मापदंडांत लाख लोकसंख्येमागे साठ बसगाड्या ही उत्तम सेवेची पातळी मानलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, म्हणजे त्या जुन्या लोकसंख्येलासुद्धा सात हजार चारशेच्या आसपास गाड्या हव्यात. जेथे निम्म्याही गाड्या नाहीत, तेथे प्रवाशांनी पाठ फिरवली असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रवाशांनी पाठ फिरवलेली नाही. ते अजूनही गाडी ज्या दिशेने यायला हवी त्या दिशेलाच तोंड करून उभे आहेत.

मोजणीचे तंत्र तर याहून संतापजनक आहे, कारण त्यात सेवा बिघडली तरी आकडा सुधारू शकतो. आपल्याकडे प्रवासीसंख्या म्हणजे साधारणपणे विकलेल्या तिकिटांची बेरीज असते, आणि पासधारकांच्या बाबतीत एका पासमागे रोज अमुक फेऱ्या असे गृहीत धरून पुढचा गुणाकार केला जातो. पास काढलेला माणूस आठवड्यातले तीन दिवस कंटाळून रिक्षाने गेला, तरी कागदावर तो बसमध्येच बसलेला असतो. लांब पल्ल्याचा मार्ग मध्येच तोडून त्याचे दोन तुकडे केले, की पूर्वी एका गाडीत बसून थेट जाणाऱ्या म्हातारीला आता मध्ये उतरून, उन्हात उभे राहून, दुसरी गाडी पकडून, दुसरे तिकीट काढावे लागते. आणि त्या वेळी तक्त्यात एकाचे दोन प्रवासी होतात. तिचा त्रास दुप्पट झाला आणि तो प्रवासीवाढ म्हणून छापला गेला. मेट्रो स्थानकांना जोडणाऱ्या छोट्या मार्गांचे आकडे वाचताना ही गोष्ट कोणी विचारात घेते का? माणसे किती आणि चढणी किती, हा भेद वार्षिक अहवालात स्पष्ट लिहायला एक ओळ पुरते. ती ओळ लिहिली जात नाही.

लोकांना बस नको आहे हे म्हणणे किती पोकळ आहे, याचा पुरावा याच शहराने दिलेला आहे. ९ जुलै २०१९ रोजी बेस्टने किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले, वातानुकूलित गाडीचे सहा रुपये ठेवले, आणि पाहता पाहता रोजच्या प्रवाशांत लाखांनी भर पडली. ही माणसे आकाशातून पडली नव्हती. ती याच शहरात होती, पायी चालत होती, शेअर रिक्षात दाटीवाटीने बसत होती, एक स्थानक अलीकडे उतरून पैसे वाचवत होती. मागणी होतीच, परवडेल अशी गाडी दारात आल्याबरोबर ती पुढे आली. त्या वेळी करायला हवे होते ते एकच काम होते, आणि ते म्हणजे गाड्या वाढवणे. ते झाले नाही. ९ मे २०२५ पासून तेच किमान भाडे पाचाचे दहा आणि सहाचे बारा झाले. भाडे दुप्पट करायचे, गाड्या कमी ठेवायच्या आणि मग वर्षअखेरीस प्रवासी कमी झाल्याची चिंता व्यक्त करायची, हा प्रकार मला निव्वळ संतापजनक वाटतो. भाडेवाढीला माझा सरसकट विरोध नाही. इंधन, पगार, देखभाल यांचा खर्च वाढतो हे मलाही कळते. पण दहा रुपये घेणाऱ्याने गाडी आणून उभी केली पाहिजे, एवढी साधी अपेक्षाही या शहरात आगाऊपणाची ठरावी काय?

गाड्या भाडेतत्त्वावर घेण्याच्या धोरणाने मोजणीतला हा अंधार आणखी दाट केला आहे. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, नाव मात्र शहराच्या उपक्रमाचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारवाढीसाठी काम थांबवले, तेव्हा शेकडो गाड्या आगारांत उभ्या राहिल्या आणि लाखो लोक थांब्यांवर अडकले. त्या दिवसांत प्रवासी घटले हे खरेच आहे. पण वर्षाच्या एकूण बेरजेत ते दिवस विरघळून जातात आणि उरतो तो फक्त एक घसरलेला आकडा, ज्याच्याकडे बोट दाखवून पुढच्या वर्षीची तरतूद ठरते. घाम गाळणाऱ्या चालकांवर आणि वाहकांवर माझा राग नाही, हे मुद्दाम सांगते. मोडक्या गाडीत भर दुपारी तीन-तीन फेऱ्या करणाऱ्या, आणि थांब्यावरच्या सगळ्या शिव्या स्वतःच्या अंगावर झेलणाऱ्या त्या माणसांनाही या तक्त्यात जागा नाही.

पाण्यावरची गोष्ट वेगळी नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जलवाहतुकीचे आकडे बंदर समूहांनुसार जमा होतात: बांद्रा, मोरा, राजपुरी, रत्नागिरी, वेंगुर्ला. बेरीज मोठी दिसते आणि भाषणात शोभूनही दिसते. पण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणारा उरणचा कामगार, गेटवेवरून घारापुरीची लेणी पाहायला निघालेला पर्यटक, मांडव्याला शनिवार-रविवार घालवायला जाणारे कुटुंब आणि वर्सोव्याहून मढला अवघ्या काही मिनिटांत पलीकडे जाणारी कोळीण, ही सगळी माणसे त्या बेरजेत एकसारखी होतात. पर्यटकाची लाँच चुकली तर त्याची सहल चुकते. कोळणीची होडी चुकली, तर रस्त्याने तिला वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो आणि पाटीतली मासळी उतरते. गेटवे ते मांडवा ही सेवा पावसाळ्यात बंद असते, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, मोऱ्याला मोठ्या ओहोटीच्या वेळी गाळामुळे लाँच धक्क्याला लागू शकत नाही आणि पाण्यात तासन् तास खोळंबा होतो. वार्षिक आकड्यात यातले काहीही दिसत नाही. पावसाळ्यात मोरा मार्गाचे भाडे वाढते, तेही दिसत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली, त्यामुळे मोऱ्याचे काही प्रवासी खरोखरच लोकलकडे वळले असतील, आणि ती घट मी आनंदाने मान्य करीन, कारण त्या माणसांना त्याहून बरे साधन मिळाले. माझी मागणी नेमकी हीच आहे. बरे साधन मिळाल्यामुळे गेलेला प्रवासी आणि गाळात अडकून कंटाळून गेलेला प्रवासी यांत फरक करा. एकाला सुधारणा म्हणतात, दुसऱ्याला दुरवस्था म्हणतात. दोघांनाही घट या एकाच शब्दात गुंडाळून टाकणे हा आळस आहे, आणि त्या आळसाची किंमत मोऱ्याच्या धक्क्यावर पावसात भिजणारा माणूस मोजतो.

या किनाऱ्यावर तरी माणसे मोजण्याच्या बाबतीत हयगय व्हायला नको होती. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती गोष्ट ऐकत रायगडच्या किनाऱ्यावरच्या पिढ्या वाढल्या. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा जिला ८४ प्रवाशांची परवानगी होती त्या लाँचवर शंभराहून अधिक माणसे असल्याचे समोर आले. त्या दिवशीच तेरा जणांचा मृत्यू जाहीर झाला आणि पुढे हा आकडा वाढला. धडक गर्दीमुळे झाली नव्हती, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. पण पाण्यात माणसे शोधायची असताना मुळात किती माणसे शोधायची आहेत, हे धक्क्यावरच्या कागदावर तयार असायला हवे होते. रामदासनंतर सत्त्याहत्तर वर्षांनी आम्ही एका लाँचमध्ये चढणारी माणसे चढतानाच नीट मोजू शकत नाही, आणि वर्षभराच्या प्रवाशांचा आकडा मात्र लाखांत, हजारांत, ठामपणे छापतो.

कोणी म्हणेल की हे सगळे मोजणे अवघड असते. हे मला अजिबात मान्य नाही. गाड्यांवर जीपीएस यंत्रे बसलेली आहेत, मोबाइलवर गाडी नकाशात सरकताना दिसते, तिकिटे यंत्रातून निघतात आणि प्रत्येक तिकिटावर वेळ आणि टप्पा असतो. ठरलेल्या फेऱ्या किती, त्यांपैकी सुटल्या किती, रद्द झालेल्या का रद्द झाल्या, कोणत्या थांब्यावर दोन गाड्यांमधले अंतर वेळापत्रकाच्या किती पट होते, हे सांगायला नवे यंत्र लागत नाही. माहिती आहे. ती मार्गनिहाय आणि महिनानिहाय लोकांसमोर ठेवण्याची इच्छा नाही, कारण ती ठेवली की प्रवासी घटले या वाक्याच्या शेजारी फेऱ्या घटल्या हे वाक्यही छापावे लागेल, आणि कोणते आधी घडले हे शाळकरी पोरालाही समजेल. दरम्यान आगारांच्या जमिनींच्या विकासाच्या चर्चा जोरात चालतात. तेथे प्रत्येक चौरस मीटरचा हिशेब चोख असतो.

या शहरात पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. १५ जुलै २०२६ ही तिच्या शंभरीची तारीख. शंभर वर्षांच्या या सेवेच्या अहवालात प्रवाशांच्या आकड्याशेजारी, त्याच अक्षरात आणि त्याच ओळीत, न सुटलेल्या फेऱ्यांचा आकडा छापा. लाँचच्या तक्त्यात ओहोटीमुळे, गाळामुळे आणि हवामानामुळे बुडालेल्या फेऱ्यांचा रकाना घाला. आणि पुढच्या वेळी एखादा मार्ग प्रवासी नाहीत म्हणून बंद करण्यापूर्वी, सकाळी साडेआठ ते साडेनऊ त्या मार्गाच्या थांब्यावर एक माणूस वही घेऊन उभा करा आणि रांग सोडून किती जण निघून गेले ते त्याला लिहून घेऊ द्या.