‘कधी मोजून तरी बघितलंय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया वाचली, दोनदा वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं: वेबपानाला रूप देणारं सीएसएस जावास्क्रिप्टमध्येच लिहू देणारी स्टाइल्ड कंपोनंट्स ही लायब्ररी सोडा आणि सीएसएस मॉड्यूल्स (वेगळ्या फाइलींतलं, त्या-त्या भागापुरतंच लागू होणारं सीएसएस) घ्या हा माझा सल्ला एकांगी आहे, थीम बदलण्याबद्दल अवाक्षर नाही, टेलविंडला (छोट्या तयार क्लासांचं सीएसएस) एका ओळीत उडवलंय, साल चुकलंय. आणि शेवटी, ‘रनटाइमचा खर्च कधी मोजून तरी बघितलाय का, की इकडचं तिकडचं वाचून लिहिलंय?’ रनटाइमचा खर्च म्हणजे पान चालू असताना स्टाइल बनवायचं ब्राउझरला पडणारं काम.

साल चुकलं, मान्य. स्टाइल्ड कंपोनंट्स २०१६ चं, मी २०१५ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ते शेवटचं वाक्य. ‘मोजलंय का’ एवढंच विचारलं असतंत तर सरळ उत्तर दिलं असतं. त्यात ‘तरी’ कशाला? समोरचा काल-परवा एचटीएमएल शिकून आलाय असं धरून बोलायची ही कुठली रीत? मी टेबलांत लेआउट बसवलेत, फ्लोट आवरायला क्लिअरफिक्स चिकटवलेत, इंटरनेट एक्सप्लोरर ६ या जुन्या ब्राउझरसाठी वेगळी स्टाइलशीट सांभाळलीय. असो.

मोजायचंच म्हणता, तर ऐका. एका डॅशबोर्डवर ओढून रुंद करता येणारं पॅनेल होतं. रुंदी प्रॉप (कंपोनंटला बाहेरून दिलेली किंमत) म्हणून स्टाइल्ड डिव्हला, म्हणजे लायब्ररीनं रूप दिलेल्या चौकटीला, दिलेली. माउस ओढला की दर पिक्सेलला नवी रुंदी, नव्या रुंदीला नवा हॅश (स्टाइलवरून काढलेलं सांकेतिक नाव), नव्या हॅशला नवा क्लास (स्टाइलचा नियम). जुने क्लास स्टाइलशीटमध्ये तसेच पडून. कन्सोलमध्ये लायब्ररीच ओरडायला लागली की या एका कंपोनंटसाठी २०० च्या वर क्लास तयार झालेत. पॅनेल माउसच्या मागून फरफटत यायचं. मिलिसेकंद काही मी टिपून ठेवले नव्हते. डोळ्यांना दिसत होतं ते पुरेसं होतं.

तुम्ही म्हणाल, तिथे ॲट्र्स (लायब्ररीचीच एक सोय) वापरून रुंदी थेट घटकाच्या स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये द्यायची असते. कन्सोलमधला तो इशाराही तेच सांगतो. आम्ही शेवटी तेच केलं आणि पॅनेल सुरळीत चाललं. पण हे भान टीममधल्या प्रत्येकानं प्रत्येक कंपोनंट लिहिताना का बाळगायचं? सीएसएस मॉड्यूलमध्ये ही चूक करायची सोयच नाही. फाइल बिल्डच्या वेळीच तयार होते, ब्राउझरच्या डोक्याला ताप नाही.

आणि हो, ‘इकडचं तिकडचं’ वाचतोच मी. २०२५ मध्ये स्टाइल्ड कंपोनंट्स सांभाळणाऱ्यांनीच जाहीर केलं की आता फक्त देखभाल होईल, नव्या प्रोजेक्टसाठी ही लायब्ररी सुचवणार नाही. हे त्यांनाही विचारणार का, मोजून बघितलंय का म्हणून?

थीमचं म्हणाल तर सीएसएस व्हेरिएबल्स (रंगासारख्या किमती एका जागी ठेवायची सीएसएसचीच सोय) आहेत. रूटवरचा, म्हणजे पानाच्या सगळ्यात वरच्या घटकावरचा, एक डेटा ॲट्रिब्यूट बदलला की काम झालं. टेलविंडवर लिहीन तेव्हा लिहीन.

प्रतिक्रिया जरूर देत जा. फक्त तो ‘तरी’ गाळलात तरी तुमचं वाक्य पूर्ण होतं.